चार माणसांचं प्रमाण

जिल्ह्यातल्या दीड हजार लिफ्टमध्ये ज्यांची सही काचेच्या चौकटीत लटकत होती, त्या विद्याधर आवटींना त्यांच्याच इमारतीची लिफ्ट रोज दुसऱ्या मजल्यावर उतरवून देऊ लागली.

आवटी राहायचे चौथ्यावर. चारचं बटण दाबलं की लिफ्ट सज्जनासारखी निघायची, दुसऱ्यावर थांबायची, दार उघडायची आणि मग काही केल्या दार मिटायचं नाही. बाहेर कुणी नाही. वरच्या पट्टीवर अक्षरं सरकायची : तांत्रिक कारणास्तव. हे दोन शब्द आवटींनी चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत इतक्या अहवालांत वापरले होते, की त्यांचा अर्थ 'कारण माहीत नाही' असा होतो हे त्यांच्याइतकं मिरजेत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. निवृत्त उद्वाहन निरीक्षक होते ते. 'उद्वाहन' म्हणजे लिफ्ट, हे त्यांना आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं होतं.

आठ दिवस ते मुकाट उतरले आणि छत्तीस पायऱ्या चढले. नवव्या दिवशी त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. बिघाडानं थांबलेली लिफ्ट आणि कुणीतरी थांबवलेली लिफ्ट यांत फरक असतो. बिघाड झाला की ब्रेक धप्पकन बसतो आणि लिफ्टची जमीन मजल्याच्या चार बोटं वर नाहीतर खाली राहते. ही मात्र अलगद वेग कमी करून मजल्याला बरोब्बर टेकत होती. शिवाय तिसऱ्या मजल्यावरचे चौगुले सोबत असले की दुसऱ्यावर न थांबता वर जायची. आवटी एकटे असले की मात्र तांत्रिक कारणास्तव.

गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन त्यांनी पॅनेलचं झाकण काढलं. आत एक छोटी, सीलबंद, अनोळखी पेटी होती. तिच्यावर चिकटवलं होतं : 'चालता-बोलता योजना. छेडछाड करू नये.' पेटीचा शोध लावायला आवटी आणखी दोन जिने चढले होते, हेही पेटीनं मोजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलात गेले.

"लिफ्ट बिघडवलीत माझी."

"बिघडवली नाही काका, शिकवली," डॉक्टर रेश्मा मुजावर म्हणाल्या. वयानं त्या आवटींच्या मुलीएवढ्या, आणि मुलीपेक्षा जास्त वेळा भेटणाऱ्या. "तुम्हीच सही दिलीय. पान एकोणीस."

"पान एकोणीस कोण वाचतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर ते तिथं घातलंय."

आठ महिन्यांपूर्वी आवटींना झटका आला होता, तोही खुर्चीत बसल्या बसल्या. एका रक्तवाहिनीत जाळी बसवता आली. दुसरी इतकी बारीक आणि वाकडी, की तिच्यात शिरायला वैद्यकशास्त्रानं नम्रपणे नकार दिला. पण हृदयाचं एक असतं. मुख्य वाट तुंबली, तर आजूबाजूच्या केसाएवढ्या वाहिन्या ते हळूहळू रुंद करून घेऊ शकतं. गावातला मोठा रस्ता खणून ठेवला की गाड्या बोळातून वाट काढतात. रोज काढत राहिल्या तर बोळाचाच रस्ता होतो. मात्र हृदयाकडून हे काम करून घ्यायचं, तर त्याच्याकडं रोज, थोडं थोडं, त्याच्या ऐपतीपेक्षा किंचित जास्त मागत राहावं लागतं. एकदम मागितलं तर ते बसकण मारतं. काहीच मागितलं नाही तर सुस्तावतं.

औषध असं स्वस्त होतं. अडचण होती ती रुग्णाची. व्यायाम करा म्हटलं की माणूस मान डोलावतो, चालायचा पट्टा विकत घेतो आणि पुढल्या महिन्यापासून त्यावर टॉवेल वाळत घालतो. आवटींच्या पट्ट्यावर टॉवेल नव्हते, चादरी होत्या. तेव्हा योजना आखणाऱ्यांनी माणसाला बदलायचा नाद सोडला आणि त्याचं घर बदललं. जाळीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं यंत्र. ते रक्ताचा वेग मोजणार, त्या हृदयाला या घटकेला किती मागणं झेपेल हे ठरवणार, आणि मग घरातल्या वस्तूंकरवी तेवढंच एक निमित्त पैदा करणार. उपदेश नाही, घंटा नाही. माणूस आपल्या कामानं उठला असंच त्याला वाटलं पाहिजे. योजनेला 'चालता-बोलता' हे नाव देताना समितीतल्या कुणालाच आठवलं नाही, की मराठीत चालता-बोलता माणूस बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी गेलेला असतो.

हे कळल्यावर आवटींना आसपासच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. पंखा मध्येच जोरात फिरून वर्तमानपत्राचं पान हॉलच्या दुसऱ्या टोकाला का जातं. दर रविवारी अकराला बायकोचा फोन येतो, तो फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात उभं राहिल्यावरच धड का ऐकू येतो. त्यांनी तक्रार केली नाही. घरात कुणीतरी आपल्याला कामाला लावतंय, या कल्पनेत त्यांना बरं वाटण्यासारखं काहीतरी सापडलं.

कारण दुसरं कुणी लावत नव्हतं. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली होती. ते बाळ आता पहिलीत होतं. भांडण नव्हतं, भांडण असतं तर मिटवायला तरी कुणी आलं असतं. आवटी सकाळी एक कप चहा करत, दुपारी डबा येई, आणि दाराची बेल वाजली तर ती शेजारच्या दाराची असे. बोलणं म्हणावं तर 'चारवर जायचंय का' एवढंच, आणि तेही लिफ्ट विचारायची.

अशात एका दुपारी त्यांचीच बेल वाजली.

दारात पहिल्या मजल्यावरच्या पद्मजा बिरनाळे उभ्या होत्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. येता-जाता नमस्कार व्हायचा, त्यापलीकडं ओळख नव्हती. हातात झाकलेली स्टीलची वाटी, आणि दम लागलेला.

"कोठीनं पीठ जास्त दिलं ओ," त्या म्हणाल्या. हल्ली घरोघरी भिंतीतल्या कोठ्या आल्या होत्या. पदार्थाचं नाव सांगितलं की मोजून पीठ द्यायच्या. "शेंगोळे चार माणसांचे झालेत. मी एकटी. तुम्हाला चालतात ना हुलग्याचे?"

"चालतात की. पण तुम्ही एवढं चढून..."

"लिफ्टनं दुसऱ्यावर सोडलं."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोघांनीही एकमेकांच्या मनगटावरच्या, योजनेच्या राखाडी पट्ट्याकडं पाहिलं.

"तुमचं कधी?" आवटींनी विचारलं.

"गेल्या वर्षी. दोन जाळ्या. तुमचं?"

"एक. दुसरी जाईना."

"बरं आहे," बिरनाळे मॅडम म्हणाल्या. नेमकं काय बरं आहे हे दोघांनाही सांगता आलं नसतं. मग त्या गेल्या.

शेंगोळे आवटींनी उभ्या उभ्याच संपवले. वाटी घासली. तिच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं : प. बिरनाळे. आणि तिथं ते अडले. दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं. पण हे खातं आजवर बायकोकडं होतं. वाटी रिकामी पाठवणं म्हणजे 'झालं, मिटलं' असं म्हणण्यासारखं. दोन दिवस ती ओट्यावर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यात साखर भरली, चोपन्न पायऱ्या उतरले आणि मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी झाकण उचललं. "साखर? मधुमेह तेवढा राहिलाय माझा. तोही करून टाका."

"मला चहाशिवाय काही येत नाही."

"मग शिका की. रिकामेच आहात."

आठवड्यात वाटी परत वर आली. कोठीनं आता ज्वारीचं पीठ जास्त दिलं होतं. या खेपेला आवटींनी हार मानली नाही. मंडईत चालत जाऊन त्यांनी कांदे आणि बेसन आणलं, मुलीला फोन करून पिठलं कसं करतात ते विचारलं. 'बाबा, बरं आहे ना सगळं?' असं तिनं दोनदा विचारलं. पिठलं गुठळ्यांचं झालं. मॅडम दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "छान झालं होतं."

निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही छान झालं म्हटलं नव्हतं. नोकरीतही म्हटलं नव्हतंच. लिफ्ट पडली नाही की लोक निरीक्षकाचं नाव घेत नाहीत.

मग वाटीला थारा राहिला नाही. वर धपाटे आले, खाली उपमा गेला. वर अंबाड्याची भाजी, खाली मसालेभात. मॅडम दारातच उभं राहून बोलायच्या, आवटीही त्यांच्या उंबऱ्याबाहेरूनच; पण बोलणं हळूहळू लांबायला लागलं.

"काय ओ साहेब, आज उशीर? मला वाटलं लिफ्टनं अटक केली."

"फोडणी जळली. परत केली."

"जळकी आणायची होती. पाचवी-ब सांभाळलीय मी, त्यापुढं जळकी फोडणी काय."

आवटी आता मंगळवारी काय करायचं याचा विचार रविवारपासून करायला लागले. भाजीच्या पिशव्या घेऊन दोन-दोन किलोमीटर चालायला लागले. पाच महिने गेले. आपण व्यायाम करतो आहोत हे ते पूर्ण विसरले, आणि योजनेला नेमकं तेच हवं होतं.

पाचव्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टर मुजावरांनी पडद्यावर त्यांचं हृदय दाखवलं. तुंबलेल्या वाहिनीच्या बाजूनं बारीक फांद्यांचं एक झुडूप उगवलं होतं.

"इथं काही नव्हतं काका. बघा आता, सगळी वाहतूक इकडून सुरू झालीय. असे आकडे मी या शहरात दुसऱ्या कुणाचे बघितले नाहीत." त्यांनी खरंच टाळ्या वाजवल्या. "एकतीस तारखेला शेवटची चाचणी. ती झाली की पहिल्या तारखेपासून योजना बंद. लिफ्ट तुमची तुम्हाला परत."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बरे. तुमची जागा रांगेतल्या दुसऱ्या पेशंटला."

"आणि... काय काय बंद होणार?"

"निमित्तं. हवी असेल तर सगळी नोंद देते. बरं झालेल्या माणसाला बघता येते."

आवटींनी ती नोंद घरी आणून खुर्चीत बसून वाचली. निमित्त चौदा : पंखा. निमित्त एकतीस : लिफ्ट. निमित्त अठ्ठ्याऐंशी : मांजर, कृत्रिम आवाज. इथं ते जरा थांबले. गॅलरीत मांजर ओरडायचं म्हणून महिनाभर ते बशीत दूध ठेवत होते. मांजर नव्हतंच. दूध कोण पीत होतं, याचा खुलासा नोंदीत नव्हता.

मग आलं ते. निमित्त दोनशे बारा : कोठी, प्रमाणवाढ, चार माणसे. माध्यम : जोडी-रुग्ण, पहिला मजला. परिणाम : वाटी. दर्जा : उत्कृष्ट. शेरा : योजनेसोबत समाप्त.

आवटींनी ते पान पुन्हा वाचलं. सरकारी माणसाला शेऱ्याचा अर्थ समजायला वेळ लागत नाही. म्हणजे शेंगोळे पंख्याच्या आणि मांजराच्या जातीचे होते. मॅडम त्यांच्याकडं येत नव्हत्या. पाठवल्या जात होत्या. आणि पहिल्या तारखेनंतर या दाराची बेल वाजवायला कुणाला काही कारण उरणार नव्हतं. बरं होणं म्हणजे एवढंच : कणीएवढं यंत्र झोपणार आणि त्याच्याबरोबर त्यांच्या घरी येणारं एकमेव माणूस थांबणार.

रात्रभर विचार वगैरे केला नाही त्यांनी. चहा होईपर्यंत ठरलं. बरं व्हायचं नाही.

एकतीस तारखेला तीन आठवडे होते. निवृत्त होताना जमा करायची राहिलेली निरीक्षकाची किल्ली त्यांनी कपाटातून काढली. ती लिफ्टच्या पट्टीत फिरवली की लिफ्ट कुणाचं ऐकत नसे, फक्त किल्लीवाल्याचं ऐके. आवटी थेट चौथ्यावर जाऊ लागले. पंखा बंद ठेवला. मांजर ओरडलं तर म्हणत, "तू नाहीयेस." मंडई सोडली. वाटी परत करायची तीही चौगुल्यांच्या हाती पाठवली. आणि खुर्चीत बसून राहिले, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे. फरक इतकाच की त्यांना आतलं जे उगवलं होतं ते वाळवायचं होतं.

यंत्र गांगरलं. एक निमित्त चालेना तेव्हा त्यानं जे उत्कृष्ट ठरलं होतं तेच वाढवलं. मॅडमच्या कोठीनं चाराचे सहा केले, मग आठ. मॅडम दिवसाआड येऊ लागल्या, मग रोज. आवटींना आपली युक्ती लागू पडल्याचा आनंद झाला. दुपारी ते टीव्ही बंद करून जिन्याकडं कान लावून बसत. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडे, आणि मग पावलं. अठरा पायऱ्या, थोडं थांबणं, पुन्हा अठरा. आपल्याकडं कुणीतरी येतंय हा आवाज बेलपेक्षा कितीतरी चांगला असतो. बेल वाजली की तो संपतो.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी पावलं दुसऱ्या अठरांतल्या अकराव्या पायरीवर थांबली. आवटींनी वाट पाहिली. पुढची सात वाजेनात. मनात शंभर मोजून झाले, तेव्हा ते उठले.

तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे, भिंतीला टेकून, मॅडम पायरीवर बसल्या होत्या. वाटी मांडीवर. एक पाय लांब केलेला, गुडघा साडीवरूनही सुजलेला दिसत होता.

"मॅडम! छातीत काही होतंय का?"

"छाती ठणठणीत आहे. गुडघा म्हणाला बस. बसले." त्यांनी पदरानं घाम पुसला. "हे यंत्र हृदयाचं. गुडघे त्याच्या खात्यात येत नाहीत."

आवटी एक पायरी वर, अवघडून उभे राहिले.

"चौगुले सांगत होते," मॅडम म्हणाल्या, "साहेब हल्ली थेट चौथ्याला जातात. किल्ली आहे म्हणे तुमच्याकडं."

"हो."

"चालणंही बंद केलंय म्हणे."

"हो."

शाळेत चूक कबूल केलेल्या मुलीकडं बघावं तसं मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं. मग वाटी पुढं केली. "हुग्गी आहे. गोड आहे, जपून खा."

आवटींनी किल्ली लावून लिफ्ट तिसऱ्यावर आणली आणि त्यांना दारापर्यंत सोडलं. वर येताना किल्ली वापरली नाही. दुसऱ्यावर लिफ्टनं उतरवलं तसे उतरले. छत्तीस पायऱ्या चढताना त्यांना त्यांच्याच अहवालातलं एक वाक्य आठवलं. लिफ्टमधला माणूस वर जातो तेव्हा दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन खाली येत असतं. जागेवर बसल्या बसल्या कुणीच फुकट वर जात नाही. ते जड वजन तीन आठवडे कोण झालं होतं, हे त्यांना वेगळं तपासायची गरज नव्हती.

दुसऱ्या सकाळी ते मंडईत गेले. खिचडी केली, वाटीत भरली आणि मॅडमच्या दाराशी पोचवली. मॅडम गुडघा शेकत बसल्या होत्या. दार कामवालीनं उघडलं. एकतीस तारखेपर्यंत आवटी रोज दोन वेळा चालले. शेवटची चाचणी झाली. आकडे किंचित घसरलेले, पण पास.

"थोडे खाली आले होते मधे," डॉक्टर म्हणाल्या. "काही झालं होतं?"

"तांत्रिक कारण," आवटी म्हणाले.

पहिल्या तारखेला लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून न थांबता वर गेली. चौथ्यावर दार उघडलं, वेळेवर मिटलं. निरीक्षक म्हणून आवटींना तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पंखा एका लयीत फिरत राहिला. रविवारी बायकोचा फोन खुर्चीतच स्वच्छ ऐकू आला. 'कसं आहे?' 'बरं आहे.' दोन मिनिटांत संपला. पूर्वी निदान गॅलरीत 'आता ऐकू येतंय का' यात तीन मिनिटं जायची.

वाटी मॅडमकडं होती. नियमानं पाळी त्यांची. चार दिवस गेले, आठ गेले. आवटी दुपारी जिन्याकडं कान लावायचे आणि आपण कान लावलाय हे लक्षात आलं की टीव्ही लावायचे. मॅडमच्या गुडघ्याची सूज उतरल्याचं चौगुल्यांकडून कळलं. त्या खाली बागेत फिरताना वरून दिसल्यासुद्धा. म्हणजे येता येत नव्हतं असं नव्हतं.

आपण जावं, हे त्यांच्या मनात रोज यायचं. पण काय घेऊन? स्वतःच्या वाटीत काही नेलं, तर ती भरून परत करायची पाळी त्यांच्यावर यायची. मॅडमची योजना अजून सुरू होती, म्हणजे त्या गुडघ्यावर पुन्हा छत्तीस पायऱ्या लादणं. काही विचारायला जावं, तर विचारायचं काय? त्यांनी बऱ्याच सबबी जुळवून पाहिल्या. पाण्याची वेळ, सोसायटीची सभा, कुरिअर. प्रत्येक सबब त्यांना नोंदीतल्या ओळीसारखी दिसायला लागली : निमित्त अमुक, कृत्रिम. पाच महिने यंत्रानं केलं तेच आता हातानं करायचं, याची त्यांना लाज वाटली. राहता राहिला एकच मार्ग, की काहीही न घेता, काहीही काम नसताना दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. बासष्ट वर्षांत हे त्यांनी कधी केलं नव्हतं. वाटीच्या खेपा सोडल्या तर ते दुसऱ्याच्या दारात गेले ते नेहमी तपासणीला.

बाराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, आवटींनी शर्ट बदलला आणि जिन्यानं खाली निघाले. चोपन्न पायऱ्यांत छाती धडधडायचं काही कारण नव्हतं. नवी वाहतूक व्यवस्थित सुरू होती. तरी धडधडली.

बेल वाजवली. मॅडमनी दार उघडलं. आधी त्यांच्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"काय काम काढलंत?"

"काही नाही."

"वाटी न्यायला आलात का?"

"वाटी तुमचीच आहे."

"मग?"

"मग काही नाही," आवटी म्हणाले. एवढं बोलायला त्यांना दम लागला.

मॅडम बाजूला झाल्या. "या आत. काही नाही, ते उंबऱ्यावर उभं राहून कसं व्हायचं? त्याला बसावं लागतं."

पाच महिन्यांत आवटींनी ते घर पहिल्यांदा आतून पाहिलं. एक टेबल, चार खुर्च्या, त्यांपैकी तीनवर पुस्तकं. मॅडमनी एकीवरची उचलून खाली ठेवली. दोघं बसली.

"तुम्ही आला नाहीत," आवटी म्हणाले.

"कशी येणार? तुम्ही बरे झालात ना. तुमच्या औषधातली गोळी होते मी. बरं झालेल्या माणसाकडं गोळी चालत जाते का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मी पान एकोणीस वाचलं होतं. गणिताची आहे मी, तळटीप सोडत नाही."

"तरी यायचात? यंत्रानं पाठवलं म्हणून?"

मॅडमना राग आला. खरा, शाळेतला. "यंत्रानं कोण पाठवतंय मला? यंत्रानं पीठ जास्त दिलं, एवढंच. पुढं काय करायचं ते मी ठरवलं. खालच्या कुत्र्याला घालता आलं असतं. कोठीत परत ओतता आलं असतं. चार माणसांचं पीठ आणि एकटं माणूस, हे गणित मला सोडवता येत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?"

आवटींनी नोंदीतली ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. कोठी, प्रमाणवाढ. परिणाम : वाटी. मधली छत्तीस पायऱ्यांची जागा तिथं कोरीच होती, आणि दीड हजार लिफ्टची कागदपत्रं तपासणाऱ्या माणसाच्या ती नजरेतून सुटली होती.

"मला वाटलं..." ते म्हणाले.

"दोनदा निघाले होते मी," मॅडम जरा खाली बघत म्हणाल्या. "परवा आणि त्याच्या आदल्या आठवड्यात. दुसऱ्या मजल्यावरून परत आले. म्हटलं, काय सांगायचं? आता कोठीवर ढकलता येत नाही. सवय गेलीय ओ, नुसतं जायची."

खिडकीखालून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. कुणाला काही घ्यायचं नव्हतं.

"आपण काय बोलायचो पाच महिने?" आवटींनी विचारलं.

"खाण्याचंच. दुसरं काय." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "एक सांगू? राग मानायचा नाही."

"सांगा."

"तुमच्या हाताला मीठ फार. पिठलं, उपमा, शेवटची ती खिचडी... तोंडात घालवत नव्हती."

"छान झालंय म्हणत होतात प्रत्येक वेळी!"

"म्हणणारच. मीठ जास्त झालंय म्हटलं असतं, तर तुम्ही आणायचं बंद केलं असतं."

समोरच्या बाईंच्या हृदयात दोन जाळ्या होत्या, आणि पाच महिने त्यांनी ते सगळं मीठ वाटी पुसून खाल्लं होतं.

"उठा," मॅडम म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या, गुडघा धरून, आणि आतल्या बाजूला हात केला. "आमटी उकळतीय. मीठ घालायचं राहिलंय. माझ्यासमोर घाला. कुठं चुकतं ते बघू."